‘पिको’ची कुळकथा

सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी पुरावा शोधायचा, तर परिचारिका प्रश्न आधी चार भागांत मांडतात: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि फरक कशात पाहायचा. आद्याक्षरांवरून या मांडणीला ‘पिको’ म्हणतात. रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘एसीपी जर्नल क्लब’मध्ये हे चार भाग सांगितले, एवढे सर्वज्ञात आहे.

हा साचा ग्रंथालयातून आला असावा, असे सहज वाटते. परिचर्येतल्या लेखांची कार्डसूची अमेरिकेत १९४०च्या दशकातच सुरू झाली होती आणि १९६१ साली ती छापूनही निघाली. पण सूची विषयावर चालते, तुलनेवर नाही. आजही अनुभवी ग्रंथपाल बहुधा रुग्ण आणि उपाय एवढ्यावरच शोध घेतात. उरलेले दोन भाग घातले की कामाचे लेख निसटतात. शोधासाठीच साचा घडला असता, तर हे दोन भाग त्यात आलेच नसते.

त्याचे मूळ चाचणीत आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९४८ साली प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिन चाचणी पाहावी. दोन्ही फुप्फुसांत क्षय बळावलेले तरुण रुग्ण. ५५ जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत मृत्यू अनुक्रमे ४ आणि १४. चारही भाग इथे आहेतच, शिवाय पाचवाही आहे: मुदत. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांनी पुढे ‘टी’ जोडून ‘पिकॉट’ केले. ती भर नवी नव्हे, गाळलेला भाग परत आला एवढेच.

मुदतीचे मोल अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाजवळ कळते. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा जुना शिरस्ता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांतील चाचणीत दाट फोमच्या गादीवरील वृद्धांची कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलून तीन आठवडे पाहिले. शय्याव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. गादी आणि तीन आठवडे हे दोन तपशील प्रश्नात नसतील, तर वॉर्डातली परिचारिका हा निष्कर्ष भलत्याच रुग्णाला लावील.

रुग्णाला वेदना कशी जाणवते, अशा प्रश्नाला मात्र तुलनाच नसते. त्याला ‘पिको’ अपुरा पडतो. म्हणूनच २०१२ साली गुणात्मक संशोधनासाठी ‘स्पायडर’ हा वेगळा साचा पुढे आला, आणि त्यात तुलनेला जागा ठेवलेली नाही.