पोतं न उसवता

साल १९६८. दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पडलेत, ठसक्यानं तुमचे डोळे चुरचुरतायत. ओट्यावर आप्पा भिंतीला टेकून पेंगतायत. तीन आठवड्यांपूर्वी ते बैलगाडीवरून पडले, डोकं चाकावर आपटलं, पण कपडे झटकून चालत घरी आले. आता नावं विसरतात, डावा पाय ओढतात, बोलता बोलता डोळे मिटतात. शेजारची माय विचारते, "काय व्हयनं आप्पाले?" तुमच्याकडे उत्तर नाही.

डॉक्टरांकडेही नाही. ते टॉर्चनं बाहुल्या बघतात, तळपायावर किल्ली ओढतात, धुळ्याला पाठवतात. तिथल्या एक्स-रेची फिल्म तुम्ही उजेडात धरता. कवटी अखंड आहे. घरच्यांना हायसं वाटतं आणि तिथंच घात होतो. एक्स-रेत वाटेतल्या सगळ्या सावल्या एकावर एक पडतात. त्या गर्दीत हाड तेवढं उठून दिसतं. मेंदू आणि त्याच्यावर साचलेलं रक्त वेगळं ओळखू येत नाही.

गाडी धरून सुरतमार्गे मुंबई गाठलीत, तरी पुढची वाट बिकट आहे. मानेतल्या धमनीत औषध टोचून फोटो काढायचे, नाहीतर कण्यात सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढायचं आणि हवा भरायची. हवा डोक्यात चढली की माणूस वेदनेनं विव्हळतो, ओकतो. खरं तर कवटीला भोक पाडून साचलेलं रक्त काढणं सर्जनना कधीचं येत होतं. उपाय हाताशी होता, ठिकाण कळत नव्हतं. मला या काळातलं सगळ्यात बोचतं ते हेच.

आता तीन वर्षं पुढे या. १ ऑक्टोबर १९७१, लंडनमधलं विम्बल्डन, ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटल. एक बाई आडवी झाली आहे. तिचं डोकं रबरी टोपीतून पाण्याच्या पेटीत बसवलंय. यंत्र बनवणारा गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हे, ईएमआय कंपनीतला इंजिनिअर. त्याच्यासोबत क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज आहेत. किरणांची बारीक रेघ डोक्यातून आरपार सरकते, १६० ठिकाणी मोजते. मग यंत्राचा सांगाडा एक अंश वळतो, पुन्हा मोजणी. असं १८० वेळा. जवळपास पाच मिनिटं चाललेल्या या खटपटीतून २८,८०० आकडे जमतात.

प्रत्येक आकडा सांगतो, त्या रेघेवर किरण एकूण किती अडले. बंद पोतं न उसवता सगळ्या बाजूंनी चाचपावं आणि मिरची कुठं ओली, कुठं सुकी हे हिशेबानं काढावं, तसं हे. संगणक ८० गुणिले ८० चौकटींत प्रत्येक जागेची घनता मांडतो. चित्र उमटतं: मेंदूच्या पुढच्या भागात काळसर गोल. शस्त्रक्रियेत गाठ तिथंच सापडते. सीटी स्कॅनच्या या शोधाचं नोबेल १९७९ मध्ये हाउन्सफील्डला आणि हेच गणित स्वतंत्रपणे मांडणाऱ्या ॲलन कॉर्मॅकला विभागून मिळालं.

आता आजच्या धुळ्यात या. दोंडाईच्याहून चिमठाण्यावरून रुग्णवाहिका आली आहे. तसंच पडणं, तसंच पेंगणं, फक्त बैलगाडीच्या जागी मोटरसायकल. सीटीचं टेबल कड्यात सरकतं, आत नळी गरगर फिरते, काही सेकंदांत डोकं पाहून होतं. या यंत्राच्या मोजपट्टीवर पाण्याची घनता शून्य, हवेची उणे हजार, हाडाची शेकड्यांत किंवा त्याहून वर. ताजं रक्त मेंदूपेक्षा पांढरं, जुनं काळपट. पडद्यावर रुग्णाच्या डोक्याच्या उजव्या बाजूला कवटीलगत चंद्रकोरीसारखी काळपट पट्टी दिसते.

लकव्यातही पहिला निवाडा सीटीतच होतो. रक्तस्राव असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जीव घेऊ शकतं. रक्तस्राव नसेल आणि साडेचार तासांच्या आत पोचलात, तर तेच इंजेक्शन हातपाय वाचवू शकतं. म्हणून दोंडाईच्याहून निघायला वेळ लावू नये. पण साध्या डोकेदुखीला स्वतः हट्टानं सीटी मागू नका. त्यात साध्या एक्स-रेपेक्षा खूप जास्त किरण अंगातून जातात. आणि बाई गरोदर असेल तर आधी सांगा.

सर्जन पडद्यावरून नजर काढत विचारतात, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का यांना?" तुम्ही खिशातून गोळ्यांची पट्टी काढून देता. ते नाव वाचतात आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो, ती तपासणी लगेच करायला सांगतात.