पाण्यावरचा पहारा : मासेमारीचे नियम, नियमपालक आणि मासेमार – नाथसागराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासलेखनात जमिनीला जेवढे स्थान मिळाले तेवढे पाण्याला मिळाले नाही. जमीन महसूल, जंगल सत्याग्रह, कूळकायदा या विषयांवर मराठीत विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु नदी, तलाव व जलाशय यांतील मासळीवर हक्क कोणाचा आणि तो कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न बव्हंशी अर्थशास्त्र व प्राणिशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांकडे सोपविला गेला. वस्तुतः हा प्रश्न सत्ता आणि सामान्य माणूस यांच्या संबंधांचा, म्हणजेच इतिहासाचा आहे.

हा संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो मासेमार व नियमपालक समोरासमोर येतात त्या क्षणी. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवर बर्फाला भोक पाडून गळ टाकणारे हौशी मासेमार असतात आणि त्यांचा परवाना, गळांची संख्या व पकडलेली मासळी तपासणारे वन्यजीव अधिकारी असतात. तेथे ही भेट बहुधा दंडाच्या पावतीवर संपते, कारण पोटाचा प्रश्न क्वचितच गुंतलेला असतो. आपल्याकडे बर्फ नाही, हौसेचे मासेमारही मोजकेच. चितेगावहून पैठणकडे गेल्यास लागणाऱ्या नाथसागराच्या काठी जो मासेमार भेटतो, त्याच्या जाळ्यावर घर चालते. त्यामुळे नियमपालकाशी होणाऱ्या भेटीचा अर्थही बदलतो.

कार्ल जेकोबी या इतिहासकाराने 'क्राइम्स अगेन्स्ट नेचर' (२००१) या ग्रंथात अमेरिकेतील निसर्गसंरक्षणाच्या कायद्यांनी ग्रामीण लोकांच्या जुन्या व्यवहारांना गुन्ह्याचे रूप कसे दिले, हे दाखविले आहे. ई. पी. थॉम्पसन यांनी इंग्लंडमधील १७२३ च्या 'ब्लॅक अॅक्ट'संबंधी हाच प्रश्न 'व्हिग्ज अँड हंटर्स' (१९७५) या ग्रंथात मांडला. माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांनी 'धिस फिशर्ड लँड' (१९९२) मध्ये भारतीय जंगलांच्या संदर्भात त्याची चर्चा केली. प्रस्तुत शोधनिबंधात हा प्रश्न मराठवाड्यातील पाण्याच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) मासेमारीविषयक कायद्यांत 'गुन्हा' या संकल्पनेचे स्वरूप कसकसे बदलत गेले याचा मागोवा घेणे.
२) या बदलांचा मासेमार व नियमपालक यांच्या परस्परसंबंधांवर झालेला परिणाम अभ्यासणे.
३) मासेमार हे केवळ नियमभंग करणारे नसून नियमांची मागणी करणारेही आहेत काय, हे तपासणे.

गृहीतक :

गेल्या सव्वाशे वर्षांत नियमांचा रोख मासेमारीच्या पद्धतीकडून मासेमार व्यक्तीकडे आणि व्यक्तीकडून जागेकडे सरकत गेला. हा बदल जसजसा होत गेला तसतसे मासेमाराला नियमाचे कारण समजणे आणि नियमपालकाला ते समजावून देणे अधिकाधिक कठीण झाले.

विषय विवेचन :

अ) पद्धतीचा गुन्हा

दख्खनच्या माशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत कर्नल विल्यम सायक्स यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८३९ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या माशांपैकी काहींची शास्त्रीय नावे खुद्री, कोळस, मुसुल्ला अशा देशी नावांवरून घडविलेली आहेत. नदीकाठच्या मासेमारांचे ज्ञान अशा रीतीने शास्त्रात गेले. मात्र पुढे शास्त्राच्या आधारे नियम तयार झाले तेव्हा त्या मासेमारांना कोणी विचारले नाही. १८७३ मध्ये फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे व मत्स्यव्यवसायावरील अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एच. एस. थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याचा गळाच्या मासेमारीवरील 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथही आला. मत्स्यशास्त्र आणि साहेबाची हौस या दोन्ही गोष्टी एकाच काळात कायद्याच्या वाटेवर होत्या, ही बाब लक्षणीय होय.

यातून १८९७ चा 'इंडियन फिशरीज अॅक्ट' (१८९७ चा चौथा कायदा) अस्तित्वात आला. त्याच्या कलम ४ ने पाण्यात सुरुंगाची दारू वा अन्य स्फोटक वापरून मासे मारण्यास आणि कलम ५ ने विष, चुना किंवा तत्सम अपायकारक पदार्थ टाकून मासे मारण्यास बंदी घातली. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. कलम ६ अन्वये निवडक पाण्यापुरते जाळ्यांचा प्रकार व आकार ठरविण्याचे, तसेच दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्णतः बंद ठेवण्याचे अधिकार प्रांतिक सरकारला मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते कलम ७. पोलिसाला किंवा खास अधिकार दिलेल्या व्यक्तीला वॉरंटाशिवाय अटक करता येई. परंतु गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला असावा लागे. शिवाय गुन्हेगाराचे नाव-गाव माहीत नसेल आणि तो ते सांगण्यास नकार देत असेल किंवा सांगितलेले खरे असल्याबद्दल शंका असेल, तरच अटक करता येई. म्हणजे काठावरील भेटीची एक चौकट कायद्यानेच आखून दिली होती : पाहणे, नाव विचारणे आणि खात्री करणे.

या कायद्यात गुन्हा होता तो प्रामुख्याने पद्धतीचा. सुरुंगाने लहानमोठी सर्वच मासळी मरते, हे मासेमारालाही कळत होते. मात्र हा कायदा निर्दोष होता असे म्हणता येणार नाही. वनस्पतींच्या रसाने मासे गुंगवून पकडण्याची जुनी पद्धत अनेक आदिवासी समाजांत होती. तीही सुरुंगाच्या शेजारी जाऊन बसली. तसेच हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यास तो लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० (१९६१ चा अधिनियम क्रमांक १) या कायद्याने कोकण, देश, विदर्भ व मराठवाडा एका नियमाखाली आले.

आ) परवान्याचा गुन्हा

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे १०२ टीएमसी साठवणक्षमतेच्या या जलाशयाने मराठवाड्याच्या शेतीचे, उद्योगांचे व पिण्याच्या पाण्याचे चित्र पालटले. त्याचबरोबर गोदावरीच्या काठचा मासेमारही बदलला. पालखी वाहणे, नाव चालविणे, शिंगाड्याची लागवड व मासेमारी अशी अनेक कामे करणाऱ्या भोई व कहार समाजांना वाहत्या नदीचे ज्ञान होते. डोह कोठे आहे, पूर ओसरताना मासा कोणत्या बाजूने चढतो, याचे हे ज्ञान होते. शेकडो चौरस किलोमीटर पसरलेल्या उभ्या पाण्यात ते बरेचसे निरुपयोगी ठरले. दुसरीकडे, ज्यांची शेती बुडाली अशांपैकी काहींनी जाळे हाती घेतले.

जलाशयातील मासळी नदीच्या मासळीसारखी केवळ निसर्गदत्त नव्हती. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाई आणि त्यावर सरकारी पैसा खर्च होई. त्यामुळे मासेमारीचा हक्क परवाना, ठेका व मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदत्व यांच्याशी जोडला गेला. आता नियमपालकाचा पहिला प्रश्न 'मासे कसे पकडतोस?' असा नसून 'परवाना आहे काय?' असा झाला. एकाच आसाचे जाळे, एकच होडी, एकच मासा. तरीही सभासद असलेला मासेमार कायदेशीर आणि त्याचा सभासद नसलेला भाऊ चोर ठरू शकला.

जाळ्याच्या आसाचा जुना प्रश्नही संपला नाही. सोलापूर व पुणे जिल्ह्यांतील उजनी जलाशयात बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी लहान मासळी मारण्याविरुद्ध स्थानिक मासेमारांनीच वेळोवेळी आवाज उठविला आहे. पद्धतीचा नियम मासेमाराला पटतो, कारण आज बोटभर असलेला मासा पुढल्या हंगामात किलोभर होणार आहे हे त्यालाच अधिक ठाऊक असते, असे यावरून म्हणता येईल.

इ) जागेचा गुन्हा

धरणाच्या उद्घाटनानंतर दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, नाथसागराचे सुमारे ३४० चौरस किलोमीटर क्षेत्र जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. रोहित व हिवाळी स्थलांतरित बदके यांसाठी हा जलाशय महत्त्वाचा असल्याने या निर्णयाची आवश्यकता नाकारता येत नाही. परंतु त्यामुळे एकाच पाण्यावर तीन कारभार आले. पाणी पाटबंधारे खात्याचे, मासळी मत्स्यव्यवसाय विभागाची आणि पक्षी वन विभागाच्या वन्यजीव शाखेचे.

यातील विसंगती शब्दांतच दिसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या मूळ व्याख्येत 'वन्यजीव' या संज्ञेत माशांचाही समावेश होता. मत्स्यव्यवसाय विभागाच्या दृष्टीने मात्र जलाशयात सोडलेला कटला हे एक उत्पादन आहे. तोच मासा एका कायद्याने पीक आणि दुसऱ्या कायद्याने वन्यजीव ठरतो. काठावर उभ्या असलेल्या वनरक्षकाला व मासेमाराला ही विसंगती सोडविण्याचा अधिकार नाही. तिचा भार मात्र त्या दोघांवरच पडतो. येथे गुन्हा पद्धतीचाही नाही आणि व्यक्तीचाही नाही. पाण्यावर रेघ ओढता येत नाही, तरी त्या न दिसणाऱ्या रेषेच्या आत असणे हाच गुन्हा होऊ शकतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो मराठवाड्यातून नव्हे, तर महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील पेंच प्रकल्पाच्या तोतलाडोह जलाशयातून. धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींच्या ३०५ कुटुंबांना राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रातील या जलाशयात मासेमारीचे परवाने देण्याच्या मध्य प्रदेश शासनाच्या निर्णयास एका संस्थेने आव्हान दिले. ५ मार्च १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. त्यांना अटी घातल्या. मासेमारांना छायाचित्रासह ओळखपत्र द्यावे, त्यांनी काठावर आग पेटवू नये, कचरा टाकू नये, पकडलेल्या मासळीची रोजची नोंद ठेवली जावी, अशा त्या अटी होत्या. उपजीविका व संरक्षण यांत मेळ घालण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. तथापि १८९७ च्या कलमाशी तुलना केल्यास एक फरक जाणवतो. त्या कलमात नाव-गाव सांगणाऱ्याला जागेवर अटक टळत होती. शंभर वर्षांनंतर नाव सांगणे पुरेसे राहिले नाही, छायाचित्राचा पुरावा सोबत बाळगणे आवश्यक झाले.

ई) नियम मागणारे मासेमार

वरील विवेचनावरून मासेमार हा नियमांचा स्वाभाविक विरोधक आहे असा समज होण्याचा संभव आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्यातील रापणकार यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरले. किनाऱ्यालगतच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात ट्रॉलरना बंदी असावी, अशी त्यांची मागणी होती. मताणी साल्ढाणा हे या चळवळीचे एक प्रमुख नेते होते. पुढे गोवा (१९८०) व महाराष्ट्र (१९८१) येथे सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, त्यामागेही पारंपरिक मच्छीमारांचा आग्रह होता.

नाथसागराच्या बाबतीत तर इतिहासाने एक वेगळेच वळण घेतले. २०१७ मध्ये अभयारण्याभोवतीचे क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाले. पुढे जलाशयावर तरंगता सौर ऊर्जा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यास न्यायालयीन आव्हान दिले ते कहार समाजाच्या एका संघटनेने, आणि तेही याच संरक्षणाच्या नियमांचा आधार घेऊन. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. निकाल काहीही असो. अभयारण्याच्या रेषेने ज्यांना अडविले, त्याच समाजातील माणसे त्या रेषेच्या बचावासाठी न्यायालयात उभी राहिली, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. पाणी राहिले तर मासा राहील आणि मासा राहिला तर आपण राहू, हे गणित त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

निष्कर्ष :

१) मासेमारीविषयक कायद्यांत गुन्ह्याची संकल्पना पद्धत, व्यक्ती व जागा अशा क्रमाने बदलत गेली. जुने टप्पे मात्र संपले नाहीत. आज तिन्ही एकाच जलाशयावर एकाच वेळी लागू आहेत.

२) ज्या नियमाचे कारण पाण्यात दिसते, तो मासेमार स्वीकारतो व प्रसंगी स्वतः मागतो. ज्याचे कारण केवळ कागदावर असते, तेथे संघर्ष निर्माण होतो.

३) या संघर्षात कनिष्ठ नियमपालक व मासेमार हे दोघेही अशा प्रश्नाची किंमत मोजतात, जो विभागांच्या पातळीवर अनिर्णित ठेवण्यात आला आहे. वनरक्षकाला केवळ सत्तेचा प्रतिनिधी समजणे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे ठरेल.

४) जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्राच्या सागरी किनाऱ्यावर ड्रोनद्वारे मासेमारीवर देखरेख सुरू झाली आहे. मोठ्या नौकांच्या अवैध मासेमारीला आळा घालण्यासाठी ती उपयुक्त ठरू शकेल. परंतु १८९७ च्या कायद्यातील 'डोळ्यांदेखत' या शब्दामागे एक माणूस होता; तो नाव विचारत असे आणि त्याला उत्तर देता येत असे. अंतर्गत जलाशयांवर अशी साधने येतील तेव्हा मासेमाराला आपली बाजू मांडण्याची जागा कोठे राहील, याचा विचार आधीच व्हावयास हवा.

नाथसागराच्या काठी परवाने, नोंदवह्या व दंडाच्या पावत्या यांच्या रूपाने या इतिहासाची साधने आजही विखुरलेली आहेत. वयोवृद्ध मासेमारांकडे व निवृत्त वनरक्षकांकडे त्याच्या आठवणी आहेत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्या वेळीच संकलित केल्या, तर जमिनीच्या इतिहासाशेजारी पाण्याचाही इतिहास उभा राहू शकेल.