सावकाश धांवण्याचा इतिहास

स्वतःच्याच मागील वेळेशीं शर्यत लावणारा धांवपटु हा आधुनिक काळाचा एक विशेष होय. पूर्वीं शर्यत म्हटली कीं तींत प्रतिस्पर्धी आलाच. पण आज तेरा मैलांची अर्धमॅरेथॉन धांवणाऱ्या बहुतेक हौशी लोकांचें चित्त पहिल्या क्रमांकाकडे नसतें. गेल्या वर्षीं दोन तास लागले, यंदा एक तास पन्नास मिनिटें लागावीं, एवढीच त्यांची आकांक्षा. दहा मिनिटें ऐकावयास थोडीं, परंतु २१.१ किलोमीटरांवर तीं वांटलीं म्हणजे दर किलोमीटरास सुमारें अठ्ठावीस सेकंद वांचवावे लागतात. हे सेकंद आणावयाचे कोठून, या एका प्रश्नाच्या उत्तरांत गेल्या शंभर वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे.

पहिलें उत्तर फिनलंडच्या पाव्हो नुर्मीनें दिलें, आणि तें घड्याळाचें होतें. हातांत स्टॉपवॉच घेऊन तो धांवे. शेजारचा काय करतो इकडे न पाहतां प्रत्येक फेरीस नेमलेला वेळ पाळणें, हें त्याचें सूत्र. १९२४ सालीं पॅरिस येथें त्यानें १,५०० आणि ५,००० मीटरांच्या दोन्ही शर्यती एकाच दिवशीं, मध्यें तासभरही विसांवा न मिळतां, जिंकल्या; आणि १९२८ सालीं बर्लिनमध्यें एका तासांत १९,२१० मीटर अंतर कापलें. शक्ति आरंभीं उधळूं नये, ती शेवटपर्यंत सारखी वांटावी, हा धडा त्यानें घालून दिला. तरीही पहिले पांच किलोमीटर उत्साहाच्या भरांत धांवून शेवटचे पांच कण्हत संपविणारे लोक प्रत्येक शर्यतींत आढळतात.

दुसरें उत्तर चेकोस्लोव्हाकियांतील एमिल झाटोपेकचें. झ्लीन गांवच्या बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या या तरुणानें वेगाचे लहान लहान तुकडे पाडले. चारशें मीटर जोरानें धांवावें, थोडें अंतर हलक्या पावलांनीं जावें आणि पुन्हां चारशें मीटर जोरानें धांवावें. असें तो दिवसांतून पन्नास-साठ वेळांही करी. १९५१ च्या सप्टेंबरांत त्यानें एका तासांत २०,०५२ मीटर कापले. तासाच्या आंत वीस किलोमीटर धांवणारा तो पहिला पुरुष. पुढच्याच वर्षीं हेलसिंकी येथें ५,००० व १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती त्यानें जिंकल्या. त्याच्या यशानें जग इतकें दिपून गेलें कीं, कष्ट जितके असह्य तितका लाभ मोठा, अशी समजूत दृढ झाली. सामान्य मनुष्याच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना या समजुतीची किंमत मोजावी लागली.

तिसरें उत्तर न्यूझीलंडमधून आलें, आणि योगायोग असा कीं तेंही जोड्यांच्या कारखान्यांतूनच आलें. ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड हा फुटबॉलच्या रग्बी प्रकारांत रमणारा गृहस्थ स्वतःस धडधाकट समजत असे. एका वडीलधाऱ्या धांवपटूबरोबर पांच-सहा मैल धांवतांना त्याची छाती फुटावयाची वेळ आली. सत्ताविशीच्या सुमारास ही अवस्था, तर सत्तेचाळिसाव्या वर्षीं काय होईल, हा विचार त्याच्या मनांतून जाईना. कारखान्यांतील नोकरी सांभाळून कित्येक वर्षें त्यानें प्रयोग केले, आणि ते सर्व स्वतःच्या देहावर. कधीं फार थोडें धांवून पाहिलें, कधीं आठवड्यास दोनशें मैलांच्याही पलीकडे गेला. अखेरीस त्यास उमगलें कीं, आधीं कित्येक आठवडे धाप न लागेल अशा बेतानें लांब अंतर धांवावें, नंतर टेंकड्या चढाव्या, आणि वेगाचा सराव शर्यत जवळ आल्यावरच करावा. पाया अगोदर, कळस मागाहून.

हें मत हास्यास्पद वाटे. आठशें मीटरांच्या धांवपटूनें वायटारुआच्या डोंगराळ वाटेनें बावीस मैल कशासाठीं धांवावें? परंतु २ सप्टेंबर १९६० रोजीं रोम येथें लिडियार्डच्या वस्तींतील पीटर स्नेलनें आठशें मीटरांचें सुवर्णपदक जिंकलें, आणि थोड्याच वेळानें मरे हॅलबर्गनें पांच हजारांचें. आठवडाभरानें बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्यें तिसरा आला. १९६७ सालीं फिनलंडनें, म्हणजे खुद्द नुर्मीच्या देशानें, लिडियार्डला मार्गदर्शनासाठीं पाचारण केलें. आणि १९७२ सालीं म्युनिक येथें फिनलंडच्या लासे व्हिरेननें पांच व दहा हजार मीटरांच्या दोन्ही शर्यती जिंकल्या.

यांत चमत्कार कांहीं नव्हता. एका मर्यादेपलीकडे वेग वाढविला कीं रक्तांत लॅक्टेट सांचूं लागतें आणि पावलें जड होतात. त्या मर्यादेच्या आंत राहून दीर्घकाळ धांवल्यानें स्नायूंत सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, प्राणवायूचा उपयोग करण्याची पेशींची शक्ति वाढते, आणि ती मर्यादाच पुढें सरकते. अर्धमॅरेथॉन ही बहुतांशीं याच मर्यादेच्या कांठाकांठानें धांवण्याची शर्यत होय. हवे असलेले अठ्ठावीस सेकंद सांपडतात ते येथें.

१९७४ सालीं सॅन डिएगो येथें पोहणें, सायकल आणि धांवणें एकत्र गुंफणारी ट्रायॲथलॉन सुरू झाली, तेव्हां या नियमाची कसोटी अधिकच कडक झाली. तिच्या एका प्रकारांत १.९ किलोमीटर पोहून व ९० किलोमीटर सायकल चालवून मगच अर्धमॅरेथॉनला आरंभ होतो. गोव्यांत मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ सालीं अशी शर्यत झाली. नोकरीधंदा सांभाळून तीन कला शिकणाऱ्या हौशी मनुष्यास आठवड्यास शंभर मैल धांवणें अशक्य, आणि त्यानें तसा अट्टाहास करूंही नये. लिडियार्डचा आंकडा उचलून त्याचा विवेक सोडणारे लोकच जखमी होतात. सायकल आणि पोहणें हींही हृदयाचा पाया घालतात, तींही सांध्यांवर आघात न करतां.

अमेरिकेंतील नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६० च्या दशकाच्या आरंभीं ऑकलंडला गेला असतां लिडियार्डनें त्यास सामान्य नागरिकांच्या एका धांवत्या मंडळींत सोडलें. पन्नाशीच्या बॉवरमनला सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाचीही बरोबरी करतां येईना, आणि तो वृद्ध मात्र गप्पा मारीत त्याच्या सोबतीस मागें राहिला. बॉवरमननें मायदेशीं परत जाऊन तोच उपक्रम सुरू केला आणि १९६७ सालीं त्यावर एक पुस्तकही प्रसिद्ध केलें.

घड्याळ नुर्मीनें दिलें, वेग झाटोपेकनें दिला. पण त्या दोहोंना आधार देणारा धीर लिडियार्डनें शिकविला. गतवर्षींच्या स्वतःस हरवूं पाहणाऱ्यानें बहुतेक दिवस सावकाश धांवण्याइतका संयम राखावा, हेंच या इतिहासाचें सार होय.