रिकाम्या वॉर्डांची छायाचित्रे

न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरून १८९२ ते १९५४ या काळात सुमारे एक कोटी वीस लाख स्थलांतरित अमेरिकेत शिरले. त्यांची नोंदणी होई त्या मुख्य इमारतीत १९९० पासून संग्रहालय आहे. बेटाच्या दक्षिण भागातले, १९०२ मध्ये सुरू झालेले रुग्णालय मात्र बेट बंद झाल्यावर ओसच राहिले. त्याच्या अंतर्भागाची छायाचित्रे इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचावीत, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

१९९८ मध्ये स्टीफन विल्क्स हे अमेरिकन छायाचित्रकार तासाभराच्या कामासाठी तिथे गेले आणि पाच वर्षे जात राहिले. कृत्रिम दिवे न लावता, आत येईल तेवढ्या उजेडात त्यांनी पोपडे सुटलेल्या भिंती आणि खोल्यांत शिरलेल्या वेली टिपल्या. क्षयरोग्यांच्या वॉर्डातल्या एका आरशात तर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. या कामामुळे इमारती सावरण्यासाठी अमेरिकी काँग्रेसकडून साठ लाख डॉलर मिळायला मदत झाली. सौंदर्याने वास्तू वाचवली, हे मान्यच करायला हवे.

तरीही ते पोपडे रुग्णांच्या काळाबद्दल काहीच सांगत नाहीत. ते १९५४ नंतरच्या दुर्लक्षाचा पुरावा आहेत. रुग्णांच्या काळी हे रुग्णालय देशाच्या दाराचाच एक भाग होते. वरच्या वर्गांतल्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच उरके. तिसऱ्या वर्गाला बेटावर यावे लागे. डॉक्टर पापणी उलटून खुपऱ्या आहेत का ते पाहत आणि संशय आला की कोटावर खडूने अक्षर काढत. बरा झालेल्याला पुढची वाट मोकळी होई. असाध्य ठरलेल्याला परतीची बोट धरावी लागे. एवढे ठाऊक असले, की आरशातल्या त्या पुतळ्याकडे नुसते कौतुकाने पाहता येत नाही.

मग माणसे कुठे शोधायची? बेटावरच कारकुनी करणाऱ्या ऑगस्टस शर्मन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थलांतरितांची छायाचित्रे काढली होती. त्यांतले अनेकजण चौकशीसाठी थांबवून ठेवलेले होते. शर्मन यांच्याकडे चेहरे आहेत, विल्क्स यांच्याकडे खोल्या. २०१४ मध्ये जेआर या फ्रेंच कलावंताने अशीच जुनी छायाचित्रे मोठी करून रुग्णालयाच्या भिंतींवर आणि काचांवर चिकटवली, तेव्हा खोल्या आणि माणसे एकत्र आली.

ओसाड वास्तूच्या छायाचित्रणाला मी हीच कसोटी लावतो. खोली कशी दिसते याआधी, तिथे कोणाला का थांबावे लागले आणि तिथून कोणाला बाहेर पडता आले, हे विचारायला हवे. ते न विचारता पाहिले, तर पडझडीचे सौंदर्य तेवढे हाती लागते आणि खडूचे अक्षर घेऊन आत आलेला माणूस दुसऱ्यांदा परत पाठवला जातो.