रोतेइरो: समुद्रवाटेच्या वहीची कुळकथा

अनोळखी बंदरात जहाज घालायचं तर नकाशा पुरत नाही. खडक कुठे बुडालेला आहे, पाणी किती वाव, भरती कधी लागते, आत शिरताना कोणता डोंगर कुठल्या हाताला ठेवायचा, हे कुणीतरी आधी अनुभवून सांगावं लागतं. पोर्तुगीज नाविक ही माहिती ज्या वहीत उतरवत, तिला ते रोतेइरो म्हणत.

भूमध्य समुद्रातल्या खलाशांकडे अशा वह्या आधीपासून होत्या. तिथे दिशा आणि अंतर एवढ्यावर भागे, कारण किनारा फारसा दूर नसे. पोर्तुगीज आफ्रिकेच्या कडेने दक्षिणेकडे उतरले तेव्हा हे गणित बिघडलं. विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा दिसेनासा होतो. मग दुपारच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढायचा. त्याला सूर्याच्या क्रांतीची कोष्टकं लागतात. ती ज्यू ज्योतिषी अब्राहम झाकुतो याच्या गणितावरून आली; त्याचं पंचांग 1496 साली लैरियात छापलं गेलं. आकाशाचा हिशेब असा नाविकाच्या हाती आला. पण रोतेइरोची खरी परीक्षा घेणारा माणूस पुढे 1538 साली निघाला.

त्याचं नाव दों जुआंव द कास्त्रो. गणिती पेद्रू नुनिश याच्या हाताखाली शिकलेला हा सरदार त्या वर्षी लिस्बनहून गोव्याला आला. येताना नुनिशने सुचवलेलं छायायंत्र त्याच्याजवळ होतं. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, हे तो वाटेत जागोजागी मोजत राहिला. या फरकावरून रेखांश सापडेल, असं तेव्हा अनेक जण मानत. कास्त्रोची मोजमापं त्या समजुतीशी जुळेनात, तेव्हा ती कल्पना त्याने खुशाल बाजूला सारली. एकदा सुई भलतीकडेच वळली. शोध घेता जवळच ठेवलेली तोफ सापडली. जहाजावरचं लोखंड होकायंत्राला फसवतं, ही नोंद त्याच्या नावावर आहे. माझ्या मते त्याचं मोठेपण इथेच. पुढे 1546 साली त्याने दीवचा वेढा मोडला. इतिहासाच्या पुस्तकांना ते जास्त आवडतं.

गोव्यात पोचल्यावर काही आठवड्यांतच तो व्हाइसरॉयच्या आरमाराबरोबर दीवकडे निघाला आणि आपला किनारा त्याच्या वहीत आला. दाभोळ, चौल, मुंबईचं बंदर, वसई अशी ठाणी घेत तो वर गेला. खोली दोरीने पाहायची. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन, त्याच्या बुडाशी चरबी. तिला तळाची वाळू की चिखल ते चिकटून येई आणि नांगर धरेल की नाही ते कळे. कास्त्रोने अक्षांश घेतले, बंदरांची चित्रं काढून घेतली. घारापुरीची आणि साष्टीतली लेणी पाहून त्यांचंही वर्णन लिहिलं. आरमारी कामाच्या वहीत लेण्यांना जागा देणारा हा नाविक मला म्हणूनच जवळचा वाटतो. 1541 साली तो तांबड्या समुद्रात सुएझपर्यंत गेला आणि लिस्बन ते गोवा, गोवा ते दीव यांच्यामागून तिसरी वही तयार झाली.

या वह्या छापायच्या नव्हत्या. वाट सांगणारा कागद म्हणजे व्यापाराची किल्ली, आणि पोर्तुगालच्या राजाला ती दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती. पण गुपित फुटलं ते गोव्यातूनच. आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करणारा डच तरुण लिन्स्होतेन पोर्तुगीजांच्या वाटांची माहिती घेऊन मायदेशी परतला. 1595 साली ती डच भाषेत छापून निघाली, 1598 मध्ये इंग्रजीत आली. त्यानंतर या समुद्रात डच आणि इंग्रज जहाजांची रीघ लागली.

कास्त्रोची गोवा ते दीव वही मात्र 1843 साली पोर्तोमध्ये छापली गेली, म्हणजे लिहिल्यानंतर तीन शतकांनी. कोकणच्या बंदरांवर लिहिताना आपण सतराव्या शतकातल्या इंग्रज पत्रांपासून सुरुवात करतो. त्याच्या शंभर वर्षं आधी दोरी आणि शिसं घेऊन ही बंदरं मोजलेली आहेत. अभ्यासकांनी आधी ती वही उघडावी.