पेडल स्टील गिटार : उत्तम घडणीच्या निकषांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
वाद्याची निवड करताना नाद, देखणेपणा व निर्मात्याचा लौकिक यांचा विचार सर्वसाधारणपणे केला जातो. पेडल स्टील गिटार या अमेरिकन वाद्याच्या बाबतीत मात्र हे निकष अपुरे ठरतात. हे वाद्य जितके लाकडाचे व तारांचे, तितकेच धातूच्या यंत्रणेचे आहे. 'उत्तम घडण' म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्याच्या इतिहासातच शोधावे लागते. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने संक्षिप्त आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाई बेटांतील जोसेफ केकुकू (जन्म १८७४) यांना दिले जाते. सान फ्रान्सिस्को येथील १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर ही शैली अमेरिकेत लोकप्रिय झाली. भारतात हे वाद्य 'हवाईयन गिटार' म्हणून परिचित झाले व पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी ते रागसंगीतात रुजविले. रागसंगीतात एका स्वराची मींड महत्त्वाची असते. पाश्चात्त्य संगीताला मात्र स्वरसंघात हवे असतात. सरळ कांडीखाली सर्व तारांचे स्वर सारख्याच अंतराने बदलत असल्याने एका स्वरजुळणीतून मोजकेच स्वरसंघात मिळत. या मर्यादेवरील उपाय म्हणून पेडल आले.

यंत्रणेचा विकास :
१९४० च्या सुमारास गिब्सन कंपनीचे पेडलयुक्त 'इलेक्ट्राहार्प' उपलब्ध झाले. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील कुशल यंत्रकारागीर पॉल बिग्सबी यांनी वादकांसाठी अशी वाद्ये घडविली. तोपर्यंत पेडलचा उपयोग मुख्यतः स्वरजुळणी बदलण्यापुरता होता. वेब पिअर्स यांच्या १९५४ मधील 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी तारा निनादत असतानाच पेडल दाबले. काही स्वर स्थिर राहिले आणि शेजारचे स्वर त्यांच्या संगतीने वर सरकले. हा बदल निर्णायक होय. कारण यंत्रणेतील प्रत्येक दोष आता श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचणार होता.

यानंतर शॉट जॅक्सन व बडी एमन्स यांची 'शो-बड' आणि पुढे एमन्स यांच्याच नावाची कंपनी, या निर्मात्यांनी यंत्रणेत सुधारणा केल्या. एमन्सच्या 'पुश-पुल' रचनेचा नाद आजही वाखाणला जातो. मात्र तिची जुळवणी किचकट आहे. 'ऑल-पुल' रचनेत स्वर चढविणे व उतरविणे ही दोन्ही कामे सळया ओढूनच होतात. तिची जुळवणी सोपी असल्याने पुढे तीच अधिक प्रचलित झाली.

घडणीचे निकष :
या इतिहासातून परीक्षणाचे चार निकष निष्पन्न होतात. पहिला, पेडल वा गुडघ्याची तरफ सोडताच तार मूळ स्वरावर अचूक परतली पाहिजे. दुसरा, सांगाड्याची दृढता. प्रचलित ई-९ स्वरजुळणीत पहिली दोन पेडल एकत्र दाबून, ज्या चौथ्या तारेशी त्यांचा संबंध नाही ती छेडावी. तिचा स्वर जाणवण्याइतका उतरल्यास सांगाडा ताणाने वाकतो, असे समजावे. तिसरा, सांधे व सळयांत ढिलाई नसावी. तसेच घोडीच्या जागी असलेल्या, तारा पेलणाऱ्या हलत्या धातुपट्ट्यांवर झिजून खाचा पडलेल्या नसाव्यात. चौथा, दुरुस्तीसाठी सुटे भाग मिळावेत. लाकडाची झळाळी व नक्षी यांचा क्रम यानंतरचा.

निष्कर्ष :
संगीताच्या इतिहासात वादकांची नावे राहतात, कारागिरांची क्वचितच. पेडल स्टील गिटारचा इतिहास मात्र या दोघांना वेगळे करू देत नाही. वादकाने स्वर निनादत असताना बदलण्याची मागणी केली, म्हणून कारागिराला अचूकतेचे नवे माप स्वीकारावे लागले. आणि ते माप साधल्यामुळेच वादकाला नवी भाषा लाभली. म्हणूनच या वाद्याची पारख करताना केवळ नाद ऐकणे पुरेसे नाही. ते उलटे करून त्याच्या तळाची यंत्रणाही पाहावी लागते.