स्टॉरमाँटचे विरोधी बाक

ज्या विधिमंडळात सत्तापालट होण्याचा संभवच नाही, ज्याच्या सरकार पक्षास आज विरोधी बाकांवर बसलेली मंडळी उद्या आपल्या खुर्च्यांवर येऊन आपलीच दप्तरे उघडतील अशी धास्ती कधी वाटत नाही, तेथे विरोधकांनी जाब विचारावयाचा तो कोणत्या बळावर, हा प्रश्न उत्तर आयर्लंडच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जितक्या ठळकपणे उभा राहिला, तितका ब्रिटिश परंपरेतील दुसऱ्या एखाद्या विधिमंडळात क्वचितच राहिला असेल. १९२० च्या कायद्याने आयर्लंडच्या ईशान्येकडील सहा परगण्यांना स्वतंत्र प्रांतिक सरकार मिळाले आणि २२ जून १९२१ रोजी पाचव्या जॉर्ज बादशहांनी बेलफास्टच्या नगरभवनात त्या पार्लमेंटचे उद्घाटन केले. सभागृहाच्या ५२ जागांपैकी ४० ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्ट पक्षाकडे होत्या. उरलेल्या १२ जागा राष्ट्रवादी आणि शिन फेन यांनी निम्म्यानिम्म्या जिंकलेल्या. परंतु आयर्लंडची फाळणीच ज्यांना अमान्य, त्यांनी फाळणीतून जन्मलेल्या सभागृहात पाऊल ठेवावयाचे कसे? ते बाराही जण आले नाहीत, आणि सर जेम्स क्रेग यांच्या मंत्रिमंडळाने आपला कारभार आरंभिला तो समोर रिकामी बाके ठेवून.

त्याच सुमारास, त्याच वेस्टमिन्स्टरने केलेल्या १९१९ च्या कायद्याने, मुंबई इलाख्यात द्विदल राज्यपद्धती आली होती. आमच्याकडे तक्रार अशी की, महत्त्वाची खाती गव्हर्नराने राखून ठेवली आणि निवडून आलेल्यांच्या हाती काही दिले नाही. बेलफास्टकडे पाहता असे दिसते की, जवळजवळ सगळा अंतर्गत कारभार लोकनियुक्त मंत्र्यांच्या हवाली करूनही तो निर्वेध, म्हणजे बेजबाबदार, राहू शकतो. त्यात १९२३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सभापतींनी असा निर्णय दिला की, जी खाती बेलफास्टकडे सोपविली त्यांविषयी लंडनच्या सभागृहात प्रश्न विचारता येणार नाहीत. अर्थात वरचा दरवाजाही बंद झाला.

१९२५ मध्ये राष्ट्रवादी नेते जो डेव्हलिन यांनी सभागृहात जागा घेतली आणि मागोमाग त्यांचे सहकारी आले. वक्तृत्वात त्यांचा हात धरणारा त्या सभागृहात कोणी नव्हता. पण मतदानाची घंटा वाजली की वक्तृत्व निरुपयोगी ठरे. १९२९ मध्ये सरकारने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत काढून टाकली. या बदलाचा खरा रोख राष्ट्रवाद्यांपेक्षा मजूर पक्ष आणि स्वतंत्र युनियनिस्ट यांच्यावर, म्हणजे युनियनिस्टांची मते फोडू शकणाऱ्यांवर, होता असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. परिणाम असा की, १९३३ च्या निवडणुकीत ५२ पैकी ३३ जागांवर लढतच झाली नाही. पन्नास वर्षांत राष्ट्रवाद्यांनी आणलेले एकच विधेयक कायदा झाले असे सांगतात, आणि ते कोणते? १९३१ चा वन्य पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा. पक्ष्यांना पंथ नसतो, म्हणून तो निभावला असावा.

अशा सभागृहात सनदशीर हत्यारे बोथट झाली की माणसे अन्य उपाय शोधतात. मराठी वाचकास राजदंड पळविण्याचे प्रकार ऐकून ठाऊक आहेत. बेलफास्टमध्ये तशातलाच प्रकार ३० सप्टेंबर १९३२ रोजी घडला. स्टॉरमाँटच्या टेकडीवरील पार्लमेंटचा पांढरा भव्य इमला अद्याप उघडावयाचा होता आणि पार्लमेंट प्रेस्बिटेरियन पंथाच्या धर्मशिक्षण विद्यालयात भरत होते. शहरात बेकारी माजली होती, धर्मादाय मंडळाकडून मिळणारी मदत तुटपुंजी होती आणि त्यावर चर्चा व्हावी हा मजूर पक्षाचे जॅक बीटी यांचा आग्रह सभापतींनी नामंजूर केला. तेव्हा बीटी उठले, राजदंड उचलला आणि जमिनीवर भिरकावला. पंधरवडाही लोटला नाही तोच कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बेकार एकत्र रस्त्यावर आले, दंगली उसळल्या, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली, आणि त्यानंतर मदतीचे दर वाढविण्यात आले. ज्या मागणीवर सभागृहात बोलण्याचीही परवानगी मिळाली नाही, ती रस्त्याने मान्य करून घेतली, ही नोंद त्या सरकारला मुळीच भूषणावह नाही.

त्या काळातील विरोधकांत मला विशेष वाटतात ते टॉमी हेंडरसन. घरे रंगविण्याचा धंदा करणारा हा शँकिल भागातला स्वतंत्र युनियनिस्ट, म्हणजे सरकारच्याच पंथाचा आणि ब्रिटनशी निष्ठेच्या बाबतीत तसूभरही कमी नसलेला मनुष्य. त्यामुळे राष्ट्रवाद्यांच्या तोंडावर जो राजद्रोहाचा शिक्का मारून उत्तर टाळता येई, तो याच्यापुढे चालत नसे. १९३६ मध्ये विनियोजन विधेयकावर ते संध्याकाळी बोलण्यास उभे राहिले आणि पहाटेपर्यंत, सुमारे दहा तास, खात्यामागून खाते घेऊन सरकारच्या खर्चाचे वाभाडे काढीत राहिले. विधेयक मंजूर झाले हे सांगावयास नकोच.

पुढील काळ थोडक्यात सांगता येतो. १९५८ मध्ये मजूर पक्षाचे चार जण निवडून आले आणि त्यांनी सभ्य, अभ्यासू विरोधाचा पाठ घालून दिला; १९६५ मध्ये एडी मॅकॅटिर यांच्या राष्ट्रवादी पक्षाने अधिकृत विरोधी पक्षाचे पद प्रथमच पत्करले आणि १९६८ च्या ऑक्टोबरात, डेरी शहरातील नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्यावर, ते सोडले. १९७१ च्या जूनमध्ये मुख्य प्रधान ब्रायन फॉकनर यांनी तीन नव्या समित्या आणि त्यांपैकी किमान दोहोंचे अध्यक्षपद विरोधकांस देऊ केले. पन्नास वर्षांत पुढे आलेली ही पहिली सुबुद्ध योजना. पण पुढच्याच महिन्यात डेरीत सैन्याच्या गोळ्यांनी दोन तरुण मेले, त्यांची चौकशी नाकारली गेली आणि सोशल डेमोक्रॅटिक अँड लेबर पक्षाने सभात्याग केला तो कायमचाच. मार्च १९७२ मध्ये लंडनने ते पार्लमेंटच तहकूब केले.

१९९८ च्या शांतता करारानंतर आलेल्या व्यवस्थेने उलट टोक गाठले. एका समाजाने दुसऱ्यावर राज्य करू नये म्हणून सगळ्या मोठ्या पक्षांना संख्याबळाप्रमाणे मंत्रिपदे मिळू लागली, आणि शांततेसाठी ते अवश्यही होते. परंतु २०११ च्या निवडणुकीनंतर १०८ सदस्यांपैकी १०५ सरकारात बसलेल्या पाच पक्षांचे होते! उरलेल्या तिघांत जिम ॲलिस्टर हे कडवे युनियनिस्ट वकील. त्यांचे राजकारण मला पटत नाही. पण एकट्याने अशासकीय विधेयक आणून मंत्र्यांच्या खास सल्लागारांच्या नेमणुकीस २०१३ मध्ये कायद्याचा लगाम घालणारा हा मनुष्य हेंडरसनांच्याच जातकुळीचा. २०१६ मध्ये जॉन मॅकॅलिस्टर यांच्या अशाच विधेयकाने अधिकृत विरोधी पक्षाची कायदेशीर तरतूद झाली आणि अल्स्टर युनियनिस्ट व सोशल डेमोक्रॅटिक हे दोन पक्ष त्या बाकांवर जाऊन बसले.

त्यांची कसोटी लगेच लागली. लाकडी गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरांना उत्तेजन देण्याची एक योजना २०१२ पासून चालू होती. ब्रिटनमधील मूळ योजनेत ठरावीक वापरानंतर अनुदानाचा दर उतरत असे. बेलफास्टच्या मसुद्यात ती पायरीच गळाली आणि अनुदान जळणाच्या किमतीहून अधिक ठरले, म्हणजे जितके जाळावे तितका नफा. २०१३ मध्येच एका उद्योजिकेने हे योजना चालविणाऱ्या खात्याला कळविले होते. अंमलदारांनी तिचे म्हणणे मानले नाही. महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१६ च्या जुलैत आला, विरोधी पक्षाच्या रॉबिन स्वान यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने त्यावर साक्षी घेतल्या, आणि वीस वर्षांत ४९ कोटी पौंडांचा बोजा पडेल असा अंदाज चव्हाट्यावर आला. डिसेंबरात, मूळ योजनेच्या वेळी त्या खात्याच्या मंत्री असलेल्या आर्लीन फॉस्टर आता प्रथम मंत्री असताना, त्यांना पदावरून दूर ठेवण्याचा ठराव विरोधकांनी आणला. बाजूने ३९ आणि विरुद्ध ३६ मते पडली, तरी ठराव फेटाळला गेला, कारण कायद्यास दोन्ही समाजांचे बहुमत हवे होते. सरकार पडले ते पुढच्या महिन्यात, उपप्रथम मंत्री मार्टिन मॅकगिनेस यांच्या राजीनाम्याने. विरोधकांनी दप्तर उघडे केले. खुर्ची ओढली ती शेजारच्या भागीदाराने. त्यानंतर तीन वर्षे सभागृहच बंद राहिले आणि अपराध्यांबरोबर फिर्यादीही घरी बसले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुन्हा दोन वर्षांच्या खंडानंतर, तोवर ९० जणांच्या झालेल्या सभागृहात सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे मॅथ्यू ओटूल हे विरोधी पक्षनेते झाले. पाठीशी ते स्वतः धरून आठ सदस्य. सरकारने आपली कार्यक्रमपत्रिका प्रसिद्ध करावी हा त्यांचा पहिला तगादा. तिचा मसुदा सप्टेंबरात निघाला, आणि मग त्यात उद्दिष्टांचे आकडे कोठे आहेत हे विचारण्यास ते पुन्हा उभे राहिले.